फवारणाऱ्याचा शेजारी कोण?



ज्या अमरावतीत रघुनाथ नरसिंह मुधोळकर आणि गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांनी वकिली केली, आणि ती करीत असताच कायद्याचे ज्ञान ही केवळ अशिलाची नव्हे तर सबंध प्रांताची ठेव आहे असे वऱ्हाडास आपल्या आचरणाने शिकविले, त्या अमरावतीत कायद्याविषयी बोलावयाचे तर विषय इथल्या मातीतला असावा, एवढे पथ्य मी माझ्यापुरते पाळले आहे. मुधोळकर १९१२ साली बांकीपूरच्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे चिरंजीव जनार्दन रघुनाथ हे १९६० ते १९६६ या काळात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, आणि पुढे ज्या निकालाविषयी मला थोडे कठोर बोलावे लागणार आहे, तो निकाल देणाऱ्या पाच न्यायाधीशांत तेही होते. थोर माणसांच्या निकालांची त्यांच्याच गावात चिकित्सा करणे हा त्यांचा अधिक्षेप नव्हे, अशी माझी श्रद्धा आहे.

माझा विषय हयगयीचा कायदा हा आहे. एका माणसाने काळजी घेतली नाही म्हणून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ती काळजी घेण्याचे कर्तव्य कोणाचे, कोणाप्रत, आणि ते मोडल्याचे दायित्व कोणी सोसावयाचे, हा त्या कायद्याचा सारा व्याप. पाश्चात्त्य ग्रंथांत या प्रश्नाची चर्चा घोडागाड्या, कोळशाच्या खाणी आणि कारखान्यांची यंत्रे यांच्या आधारे झाली. आपण ती पऱ्हाटीच्या वावरात नेऊन पाहू.

२०१७ सालच्या खरिपात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतच्या महिन्यांत, आपल्या महसूल विभागातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारी माणसे एकामागून एक विषबाधेने आजारी पडू लागली. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, घाम, छातीत दाटणारा श्वास, आणि काहींच्या बाबतीत बेशुद्धी, अशा अवस्थेत ती यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणली गेली. त्या एका जिल्ह्यात शेकडो माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि वीसाहून अधिक दगावली. अकोला, अमरावती, बुलढाणा याही जिल्ह्यांतून बाधितांची नावे सरकारदप्तरी चढली. मृतांत स्वतःच्या दोनचार एकरांत फवारणारे शेतकरी होते, तसे दुसऱ्याच्या वावरात रोजाने किंवा पंपामागे ठरलेल्या मजुरीने राबणारे भूमिहीनही होते. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले, मृतांच्या कुटुंबांस दोन लाख रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीस यवतमाळ, अकोला, अमरावती आदी जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घालण्यात आली. साठच दिवसांची का, असे कोणी विचारील, तर १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाच्या सत्ताविसाव्या कलमाने राज्य सरकारला दिलेली पहिली मुदतच मुळी तेवढी आहे.

त्या वर्षी असे काय घडले होते, हे कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कारण हयगय ठरविताना पहिला सवाल असतो तो संकट आधी दिसत होते की नव्हते, हा. गुलाबी बोंडअळीने बीटी वाणाला जुमानणे सोडून दिले होते. पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे यांचाही जोर होता. कपाशी माणसाच्या खांद्याइतकी, कोठे डोक्याच्याही वर वाढलेली. त्यामुळे फवारणारा वरून खाली फवारीत नव्हता, तर विषाच्या धुक्यातून चालत होता. हवेत दमटपणा आणि उष्मा दोन्ही. हातपंपाची जागा बॅटरीवरच्या नि पेट्रोलवरच्या जोरदार पंपांनी घेतलेली, त्यामुळे तुषार अधिक बारीक आणि अधिक दूरवर जाणारे. आणि यावर कळस म्हणजे दोन, तीन, कधी चार औषधे एकाच टाकीत मिसळण्याचा पडलेला प्रघात. प्रत्येक औषधाची नोंदणी, त्याची मात्रा आणि त्याचे धोके सरकारी समिती तपासते. पण वावराच्या धुऱ्यावर ड्रममध्ये जे मिश्रण तयार होते त्याची नोंदणी कोठेच झालेली नसते. यांतील एकही गोष्ट आकाशातून कोसळलेली नव्हती. ज्यांनी बियाणे विकले, ज्यांनी औषध विकले, ज्यांनी पंप विकले आणि ज्यांनी या तिन्हींच्या विक्रीस परवाने दिले, त्यांस ती हंगामाच्या प्रत्येक आठवड्यात दिसत होती.

तरीही त्या दिवसांत जे उत्तर सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने दिले गेले ते हे, की मजुराने हातमोजे घातले नाहीत, तोंडाला मास्क बांधला नाही, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, पत्रक वाचले नाही. सारांश, चूक त्याची. हे उत्तर नीतीच्या दृष्टीने निष्ठुर आहे, असे पुष्कळांनी म्हटले, आणि ते खरे आहे. पण मला आज त्याहून निराळी गोष्ट मांडावयाची आहे. ते उत्तर कायद्याच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. गेल्या दीडशे वर्षांत न्यायालयांनी हयगयीविषयी जे जे ठरविले, ते एकत्र ठेवून पाहिले असता काळजीचे कर्तव्य ज्ञानाच्या आणि सामर्थ्याच्या मार्गाने जाते, ज्यास अधिक कळते आणि ज्यास अधिक करता येते त्याच्यावर ते अधिक वजनाने बसते, असेच दिसते; आणि आपल्याकडचा व्यवहार मात्र ते कर्तव्य साखळीच्या अगदी शेवटच्या, सर्वांत अशक्त कडीवर टाकून मोकळा होतो.

आपल्या देशात अपकृत्यांचा कायदा संहिताबद्ध नाही, ही गोष्ट श्रोत्यांपैकी जे वकील नाहीत त्यांस कदाचित नवी वाटेल. करारासाठी १८७२ चा अधिनियम आहे, गुन्ह्यांसाठी संहिता आहे; दिवाणी अपकृत्यांसाठी काही नाही. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी हिंदुस्थान सरकारच्या सांगण्यावरून १८८६ साली एका विधेयकाचा मसुदा तयार केला होता, पण त्याचा कायदा कधीच झाला नाही. त्यामुळे आपली न्यायालये न्याय, समता आणि सदसद्विवेक या त्रिसूत्रीवर चालत आली, आणि १८८७ साली प्रिव्ही कौन्सिलने त्या सूत्राचा अर्थ असा लावला की इंग्लिश कायद्याचे नियम घ्यावेत, पण हिंदी समाजास आणि परिस्थितीस ते लागू पडत असतील तरच. या अटीकडे माझ्या मते फार दुर्लक्ष झाले आहे. नियम उचलून आणण्याची मुभा आपणांस मिळाली, तशी तो इथल्या माणसाच्या मापाने बेतून घेण्याची जबाबदारीही त्याच वाक्याने आपल्यावर टाकली.

आता मूळ नियम पाहू. १९२८ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडातील पेस्ली या गावी एका उपाहारगृहात एका स्त्रीसाठी तिच्या मैत्रिणीने आल्याचे पेय मागविले. बाटली गडद, अपारदर्शक काचेची होती. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, आणि आपण त्यामुळे आजारी पडलो, अशी त्या स्त्रीची फिर्याद होती. तिने पैसे दिले नव्हते; उपाहारगृहाच्या मालकाशी तिचा करार नव्हता, आणि पेय बनविणाऱ्या स्टीव्हन्सनशी तर त्या दोघींपैकी कोणाचाच नव्हता. तोवरच्या शिरस्त्याप्रमाणे तिची फिर्याद तेथेच निकालात निघावयाची. पण १९३२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने ठरविले की करार असो वा नसो, उत्पादकाचे कर्तव्य शेवटच्या उपभोक्त्यापर्यंत पोहोचते. लॉर्ड ॲटकिन यांनी त्या वेळी शेजाऱ्याची जी व्याख्या केली ती जगभर गाजली. तिचा आशय असा, की माझ्या कृतीने ज्याचे बरेवाईट होईल हे मला वाजवी दूरदृष्टीने कळावयास हवे, आणि ज्यास मी कृती करतानाच डोळ्यांपुढे आणावयास हवे, तो माझा कायद्यातला शेजारी. गोगलगाय खरोखर बाटलीत होती की नाही याचा पुरावा कधी झालाच नाही, कारण प्रश्न कायद्यापुरता होता आणि पुढे स्टीव्हन्सनच्या मृत्यूनंतर तडजोड झाली. एका न सिद्ध झालेल्या गोगलगायीने सबंध जगातील उत्पादकांस त्यांचे शेजारी दाखवून दिले, हे न्यायशास्त्राच्या इतिहासातील मोठे विलक्षण प्रकरण आहे.

त्या निकालातील एक तपशील मात्र आपल्या प्रश्नास विशेष उपयोगी आहे. उत्पादकाचे कर्तव्य शेवटपर्यंत पोहोचते ते का, तर वस्तू ज्या स्वरूपात त्याच्या हातून सुटते त्याच स्वरूपात ती उपभोक्त्याच्या हाती पडावी अशी त्याची योजना असते, आणि मध्ये कोणी ती तपासून पाहील असा वाजवी संभव नसतो म्हणून. कीटकनाशकाच्या उत्पादकाचे वकील इथेच बोट ठेवतील. ते म्हणतील, आमची वस्तू त्याच स्वरूपात वापरली गेली नाही. ती मिसळली गेली, ती पाण्यात कमीअधिक प्रमाणात टाकली गेली, आणि मध्ये विक्रेता होता, शेतकरी होता, आमचे पत्रक होते, डब्यावर आमचा इशारा होता.

तो इशारा कसा असतो, हे एकदा नीट पाहू. १९७१ च्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर एक चौकोन एका टोकावर उभा करून छापलेला असतो आणि त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालचा त्रिकोण अतिजहालासाठी लाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्यासाठी हिरवा. सोबत इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेतील पत्रक. नियमांत याहून पुष्कळ आहे. फवारणाऱ्यास संरक्षक वस्त्रे असावीत, श्वसनाची साधने असावीत, उतारे आणि प्रथमोपचाराची सामग्री जवळ असावी, कामगारांस सुरक्षिततेचे शिक्षण द्यावे, हे सारे एकोणचाळिसाव्या नियमापासून पुढे क्रमाने लिहिलेले आहे. नियम वाईट नाहीत. १९५८ साली केरळ आणि मद्रास राज्यांत जहाजातून आलेल्या धान्यात पॅराथिऑन मिसळून शंभरावर माणसे मेली, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने चौकशी केली, आणि त्या मृत्यूंतून हा अधिनियम जन्मास आला. त्यामुळे त्याच्या मुळाशी माणसाच्या जिवाची चाड होती, यात शंका नाही. पण तो डबा दुकानातून आणतो शेतकरी, फोडतो कोणी तिसराच, आणि मजुराच्या हाती येते ते ड्रममध्ये कालवलेले पांढुरके पाणी. त्याने तो त्रिकोण पाहिलेलाच नसतो. पत्रकावरची अक्षरे भिंगाखेरीज वाचता येऊ नयेत इतकी बारीक, आणि त्यांत पुष्कळदा असेही छापलेले की विशिष्ट उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करावा.

इशारा छापला म्हणजे कर्तव्य संपले, हे न्यायालयांनी मान्य केलेले नाही. १९७१ च्या वृत्तांतात प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश खटल्यात एका रसायनाच्या कुप्यांवर ‘बाष्प घातक आहे’ असे लिहिलेले होते. परंतु पाण्याशी संपर्क येताच त्याचा स्फोट होतो हे लिहिलेले नव्हते. प्रयोगशाळेत कुप्या धुताना स्फोट होऊन एक शास्त्रज्ञ मेला, आणि रसायन पुरविणारी कंपनी दायी ठरली. वस्तूचा वापर प्रत्यक्षात ज्या रीतीने होणार हे पुरविणाऱ्यास कळावयास हवे, त्या रीतीतला धोका त्याने सांगावयास हवा. मग जे उत्पादक आपल्या वस्तूची वऱ्हाडातील विक्री गावनिहाय जाणतात, ज्यांचे प्रतिनिधी हंगामात दुकानादुकानांतून फिरतात, त्यांस हे मिश्रण, ही उंच पऱ्हाटी, हा उघड्या पायांचा मजूर अपरिचित होता, असे कोणते न्यायालय मानील? सर्वत्र आणि नित्य होणाऱ्या, सर्वांस ठाऊक असलेल्या वापरास गैरवापर म्हणून बाजूस सारता येत नाही.

यापुढचे पाऊल १९५० सालच्या एका निकालाने टाकले आहे, आणि मला तो निकाल या साऱ्या शास्त्रातील अत्यंत माणुसकीचा निकाल वाटतो. लंडनमधील स्टेपनी या विभागाच्या स्थानिक संस्थेच्या मोटारखान्यात एक कामगार होता, ज्यास एकाच डोळ्याने दिसत असे. गाडीखालचा गंजलेला बोल्ट हातोड्याने काढीत असता कपची उडून त्याचा चांगला डोळा गेला. इतर कामगारांस अशा कामासाठी चष्मे देण्याची वहिवाट नव्हती. तरी हाऊस ऑफ लॉर्ड्सने म्हटले की काळजीचे माप सरासरी कामगारावरून घ्यावयाचे नाही. समोर जो आहे त्याचे किती नुकसान होऊ शकते, त्यावरून घ्यावयाचे. एकाक्ष माणसास चष्मा देणे मालकाचे कर्तव्य होते. कायद्यातला ‘वाजवी माणूस’ पत्रक वाचणारा, हातमोजे बाळगणारा असा कल्पून आपण वऱ्हाडातील मजुराची हयगय मोजतो; वास्तविक मोजावयाची आहे ती उत्पादकाची दूरदृष्टी, आणि तिने हा मजूर जसा आहे तसाच, त्याच्या निरक्षरतेसह, त्याच्या दारिद्र्यासह, सप्टेंबरच्या उन्हात रबरी पोशाख अंगावर न सोसणाऱ्या त्याच्या देहासह डोळ्यांपुढे आणावयास हवा. ज्या औषधापासून बचाव करावयास लागणारी साधने या हवेत, या मजुरीत, या गावांत वापरली जाणेच अशक्य आहे, ते औषध इथे विकणे हीच मुळात हयगय नव्हे काय, हा प्रश्न माझ्या मते यापुढे न्यायालयांनी टाळू नये.

‘त्यास ठाऊक होते की हे विष आहे,’ असा एक युक्तिवाद उरतो. ठाऊक होते हे खरे. पण धोका जाणणे निराळे आणि धोका पत्करणे निराळे, हा भेद १८९१ सालीच प्रस्थापित झाला. रेल्वेच्या कामावर दगडाला भोके पाडणाऱ्या मजुराच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात; त्यास ते माहीत होते, त्याने कुरकुरही केली होती; एक दगड पडून तो जखमी झाला. काम सोडले नाही म्हणजे धोका पत्करला, हे मालकाचे म्हणणे फेटाळले गेले. ज्यास काम सोडल्यास संध्याकाळी चूल पेटणार नाही, त्याच्या मौनास संमती म्हणणे कायद्याच्या नावास न शोभणारे आहे. बिहारच्या मजुराविषयी, ऊसतोड कामगाराविषयी जे खरे, तेच दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या फवारणीच्या मजुराविषयी खरे.

आता शेतकऱ्याकडे वळू. आणि हा भाग मला स्वतःला अवघड जातो. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा, ज्याची जागा घेण्यासाठी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता करण्यात आली, त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतीत कीटकनाशके फवारणाऱ्या कामगाराचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे फवारताना मजूर दगावला तर हयगय सिद्ध न करताही त्याच्या वारसांस मालकाकडून भरपाई मागता येते. गावोगाव हे कोणास ठाऊक नाही; ठाऊक झाले तर काय होईल? मालक म्हणजे तीन एकरांचा कोरडवाहू कास्तकार, बँकेचा थकबाकीदार, ज्याने त्याच सकाळी मजुराच्या जोडीला स्वतःच्याही पाठीवर पंप घेतला होता. हुकूमनामा होईल, वसुली व्हावयाची नाही. आणि झालीच तर एका घरातील आपत्ती उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवल्यासारखे होईल. मालकाचे कर्तव्य मी नाकारीत नाही. मोठा बागायतदार, ज्याच्याकडे सालगडी आहेत, त्याने साधने पुरविलीच पाहिजेत आणि न पुरविल्यास भरपाई दिलीच पाहिजे. पण कायद्याने ज्यास सर्वांत आधी गाठले तो या साखळीतला जवळजवळ सर्वांत गरीब दुवा आहे, आणि ज्यास गाठावयास हवे त्याच्यापाशी पोहोचण्यापूर्वीच कायदा दमून बसतो, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

मधला दुवा कृषी सेवा केंद्राचा. आमच्या तालुक्यांतून शेतकरी रोगट पान खिशात घालून दुकानात जातो, दुकानदार ते पाहून दोन बाटल्या आणि एक पुडी समोर ठेवतो आणि कशात किती मिसळावे हे सांगतो. ही केवळ विक्री राहत नाही. पुण्याच्या डॉक्टर जोशी विरुद्ध डॉक्टर गोडबोले या प्रकरणात, ज्यात १९५३ साली मांडीचे हाड मोडलेला एक तरुण उपचारांत दगावला होता आणि भरपाईची रक्कम अवघी तीन हजार रुपये होती, सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली वैद्याची कर्तव्ये सांगितली आहेत: हे काम हाती घ्यावे की नाही हे ठरविताना काळजी, कोणता उपचार करावा हे ठरविताना काळजी, आणि तो करताना काळजी. वैद्यासाठी सांगितलेले हे तत्त्व विशेषज्ञतेचा आव आणून सल्ला देणाऱ्या कोणासही लागू करता येण्यासारखे आहे. औषधाचा सल्ला देणाऱ्या दुकानदाराने पानाकडे पाहावे तसे फवारणाऱ्या माणसाकडेही पाहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

राज्यसंस्थेचे काय? इथे न्यायमूर्ती मुधोळकरांच्या निकालाचा उल्लेख येतो. कलकत्त्यास एका घोड्याला सरकारी गोदीतील मजुरांच्या हयगयीमुळे इजा झाली, तेव्हा १८६१ साली न्यायालयाने सार्वभौम सत्तेची कामे आणि इतर कामे असा भेद करून गोदीच्या बाबतीत सरकारला दायी धरले. उदयपूरच्या कलेक्टरच्या मोटारीने एक मनुष्य मेला, त्या प्रकरणातही १९६२ साली राज्य दायी ठरले. परंतु १९६४ साली कस्तुरीलाल प्रकरणात, मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदार घेऊन पळाला असता, सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, मुधोळकर आणि त्यांचे सहकारी यांनी ठरविले की पोलिसांची कारवाई सार्वभौम सत्तेतली होती, म्हणून नागरिकास दाद नाही. न्यायालयास स्वतःसही हे खटकले असावे, कारण विधिमंडळाने याविषयी कायदा करावा असे त्याच निकालात सुचविले आहे. विधी आयोगाचा तर १९५६ सालचा पहिलाच अहवाल याच विषयावर होता. १९६५ आणि १९६७ साली विधेयके आली आणि बारगळली. एवढ्या समर्थ न्यायाधीशांनी जुन्या भेदापुढे मान तुकवावी याचे मला दुःख आहे. पुढे न्यायालयांनीच त्या भेदाची धार बोथट केली. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाळंतिणीच्या पोटात कापड राहून ती दगावली, त्या अच्युतराव खोडवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालय चालविणे हे सार्वभौम सत्तेचे काम नव्हे असे ठरवून राज्यास दायी धरले. रक्कम छत्तीस हजार रुपये. निकालाचे साल १९९६. तेहतीस वर्षे. परवाना देणे, नमुने तपासणे, विषबाधेची वर्दी घेणे ही कामे राज्य करते ती रयतेच्या जिवाच्या रक्षणार्थ. त्यांतील हयगय सार्वभौमत्वाच्या छत्राखाली झाकता येऊ नये, हे या मालिकेचे स्वाभाविक पर्यवसान आहे.

भोपाळनंतर, दिल्लीच्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी निरपेक्ष दायित्वाचा सिद्धांत मांडला: जो धोकादायक उद्योग नफ्यासाठी चालवितो, त्याने अपघाताची पूर्ण भरपाई द्यावी, कोणताही अपवाद सांगू नये, आणि भरपाईची रक्कम उद्योगाच्या सामर्थ्याच्या प्रमाणात असावी. पण हा सिद्धांत कारखान्याच्या फाटकापाशी थांबला आहे. विष टाकीतून गळून शेजारच्या वस्तीत गेले तर निरपेक्ष दायित्व, आणि तेच विष बाटलीत भरून शंभर कोसांवरच्या वावरात पाठविले तर मजुराने आपल्या वकिलाकरवी हयगय सिद्ध करावी, या भेदास मला कोणतेही तात्त्विक कारण सापडत नाही. बाटलीत भरल्याने विषाचे सामर्थ्य कमी होत नाही आणि ते करणाऱ्याचे ज्ञानही कमी होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात वस्तुदायित्वाचे प्रकरण आले आणि पुरेसा इशारा न देणे हे दायित्वाचे स्वतंत्र कारण मानले गेले, हे एक पाऊल होय. पण ज्याने औषध विकत घेतले नाही अशा मजुराने त्या दारातून आत जावयाचे तर तो ‘ग्राहक’ कसा, हा वाद आधी करावा लागेल. १९३२ साली पेस्लीच्या स्त्रीने नेमका हाच अडसर ओलांडला होता.

यवतमाळच्या काही कुटुंबांनी मात्र दूरचे दार ठोठावले. २०२० साली त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये, ‘पोलो’ या नावाने विकल्या जाणाऱ्या डायफेन्थियुरॉन या औषधाच्या बाबतीत, बाझल येथे मुख्यालय असलेल्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार नेली. त्या द्रव्याला युरोपीय संघात मान्यता नाही. कंपनीने आपल्या औषधामुळे ही विषबाधा झाली हे म्हणणे नाकारले आहे, आणि त्या वादाचा निर्णय करणे या व्यासपीठाचे काम नव्हे. मला खंत वाटते ती एवढ्याचीच, की वऱ्हाडातील विधवेस न्यायाची वाट आर्णी-घाटंजीहून यवतमाळच्या दिवाणी न्यायालयापेक्षा बाझलपर्यंत अधिक सरळ वाटावी.

तशी ती का वाटली, याचे उत्तर आपल्या वकिली व्यवसायास द्यावे लागेल, आणि ते तत्त्वात नसून पुराव्यात आहे. १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली मृताची पत्नी, मुले, आईबाप यांस दावा लावता येतो, पण मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. त्या दोन वर्षांत सिद्ध काय करावयाचे, तर कोणत्या औषधाने माणूस मेला ते. इथेच बहुतेक दावे जन्मापूर्वी संपतात. रुग्णालयाच्या कागदावर ‘अज्ञात विषबाधा’ असे लिहिलेले असते. रक्तातील कोलिनएस्टरेजची तपासणी पहिल्या दिवशी झालेली नसते. पंचनाम्यात पंपाचे वर्णन असते आणि बाटलीचे नसते. दुकानदाराने पावती दिलेली नसते, आणि दिली असल्यास तीवर गट क्रमांक नसतो. टाकीत तीन औषधे होती म्हणून तिघांपैकी प्रत्येक उत्पादक दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

म्हणून अमरावती आणि अकोला येथील वकील मंडळांस माझी विनंती आहे, ती न्यायालयीन तत्त्वांविषयी नसून अगदी व्यवहाराची आहे. हंगामाच्या चार महिन्यांत फवारणीच्या विषबाधेचा प्रत्येक रुग्ण आल्याबरोबर त्याच्या घरी जाऊन रिकाम्या बाटल्या, झाकणे, पावत्या आणि टाकीतील उरलेले पाणी पंचांसमक्ष सीलबंद करून घेणारी एक तरुण वकिलांची तुकडी प्रत्येक तालुक्यास असावी, अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमाखाली विषबाधेची वर्दी देण्यासंबंधी जी तरतूद आहे, तिच्या अंमलासाठी तहसीलदारांकडे अर्ज करीत राहावे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांनी अशा मिश्रणांविषयी साक्ष देण्यास पुढे यावे, कारण टाकीतील तिन्ही द्रव्ये मिळून देहावर काय करतात हे न्यायाधीशास समजावून सांगणारा तज्ज्ञ साक्षीदार आज बाधित कुटुंबास विकत घेता येत नाही. आणि जिथे कोणत्या उत्पादकाचे औषध हे निश्चित होत नाही तिथे त्या तालुक्यात ते विकणाऱ्या सर्वांनी विक्रीच्या प्रमाणात भरपाईच्या निधीत भर घालावी, अशी तरतूद नव्या कीटकनाशक कायद्यात यावी म्हणून संसदेकडे विनंतीअर्ज पाठवावा. २००८ आणि २०२० साली अशा नव्या कायद्याची विधेयके आली होती. यापुढे येणाऱ्या विधेयकात बाधित मजुराच्या भरपाईची स्वतंत्र, सक्तीची आणि उत्पादकाच्या पैशातून चालणारी योजना नसेल, तर वऱ्हाडच्या लोकप्रतिनिधींनी ती दुरुस्ती सुचविल्याखेरीज मतदान करू नये. तिचा मसुदा करण्याचे काम या दोन जिल्ह्यांतील वकिलांनी अंगावर घ्यावे, आणि येत्या खरिपाच्या पेरणीपूर्वी तो तयार असावा.